मापाच्या बाई

पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "दार लाव, कडी घाल आणि वरचे कपडे काढ."

मी पेशंट म्हणून गेले नव्हते, नोकरीवर हजर व्हायला गेले होते. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात प्लॅस्टिक सर्जरीच्या विभागाला नोंदी ठेवायला अनुभवी सिस्टर हवी होती. वॉर्डातल्या पाळ्या करून माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून मी अर्ज केला होता.

"मॅडम, मी नोंदी लिहायला आलेय," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतेय. जिचं स्वतःचं माप झालेलं नाही, तिनं दुसरीचं माप लिहायचं नाही. नको असेल तर अजून वेळ गेलेली नाही, मेट्रनला सांगून परत वॉर्डात जा. मी रागावणार नाही."

त्या साठीला टेकलेल्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढरे केस मानेवर कापलेले. सुती साडी आणि तिच्याखाली पुरुषांचे लेस बांधायचे काळे बूट. मी त्या बुटांकडे बघत राहिले आणि का कोण जाणे, कडी घातली.

बाईंनी टेबलावरून व्हर्निअर कॅलिपर उचलला. आमच्या पिंपरी-चिंचवडात हे हत्यार पोराबाळांनाही ओळखू येतं. माझा नवरा भोसरीच्या एका कंपनीत टूलरूमला आहे; त्याच्या हातात मी ते शेकडो वेळा बघितलं होतं. लोखंडाची जाडी मोजायची वस्तू डॉक्टरच्या हातात बघून मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि गरम होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्या वेळात विचारलं, "आज डब्याला काय केलंस?"

"वाटाणा-बटाटा."

"सोललेला आणलास की घरी सोललास?"

वाटाण्याचं बोलता बोलता माप झालंसुद्धा. गळ्याखालच्या खळगीपासून एक अंतर, छातीच्या मधल्या हाडापासून दुसरं, मग स्तनाखालच्या घडीपर्यंतचं, मग रुंदी. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. माझी दोन बाळंतपणं झाली, गाठीच्या शंकेनं एकदा तपासणीही झाली होती. पण माझ्या अंगाकडे इतक्या शांतपणानं कधी कुणी बघितलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, डॉक्टरांनी नाही, मी स्वतःही नाही. शेवटी त्यांनी कॅलिपर माझ्या हातात दिला, स्वतःच्या ब्लाउजची बटणं काढली आणि म्हणाल्या, "आता माझं घे. थंड लागला तर ओरडेन."

वहीत माझं माप आणि त्यांचं माप एकाखाली एक आहे. माझ्याच अक्षरात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. कॅन्सरमुळे ज्या बाईचा स्तन काढावा लागतो, तिला हवं असेल तर तो पुन्हा घडवता येतो. एक बाजू शाबूत असेल तर काम सोपं, तिच्याकडे बघून दुसरी करायची. पण दोन्ही गेल्या असतील तर कुणाकडे बघायचं? मग डॉक्टर पुस्तकातला तक्ता काढतात. एवढी उंची, एवढा छातीचा घेर, तर स्तन इथे आणि इतका. "आणि तो तक्ता कुणाचा?" बाई म्हणाल्या. "परदेशातल्या बायकांचा. त्यांचे खांदे वेगळे, फासळ्या वेगळ्या, खाणं वेगळं, कष्ट वेगळे. आपल्या बायकांचं माप कुणी घेतलंच नाही. घेतलं असेल तर शिंप्यानं, आणि त्यालाही आपण अंग चोरून देतो."

"कुणाचं माप?" हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न होता. शिकाऊ डॉक्टरांनी एखादा आकडा सांगितला की बाईंचा प्रश्न आलाच. 'नॉर्मल' हा शब्द त्यांच्या खोलीत चालायचा नाही. एकदा एक हुशार मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशंटची उजवी बाजू नॉर्मलपेक्षा खाली आहे." बाईंनी तिला बाहेर पाठवलं. "हॉस्पिटलला एक फेरी मारून ये आणि येताना ज्या बायका दिसतील त्यातली नॉर्मल कोणती ते मला सांग." मुलगी परत आली ती गप्प बसली, पण पुढे तीच बाईंच्या हाताखाली सगळ्यांत चांगली तयार झाली.

बाईंच्या एप्रनच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असायचे. माप झालं की त्या बाईच्या ओंजळीत मूठभर घालायच्या. लहान मुलाला इंजेक्शननंतर गोळी द्यावी तसं. फार शिकलेल्या बायकाही ते खात खात बाहेर पडायच्या.

पिंपळे सौदागरला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी केलेलं भांडण मी विसरणार नाही. आम्ही तिथल्या सोसायटीत निरोगी बायकांची मापं घ्यायच्या शिबिराचं बोलायला गेलो होतो. येताना दुकानाच्या काचेतला पुतळा बघून बाई थबकल्या आणि सरळ आत शिरल्या.

"ही बाई कुठली?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"कोणती, मॅडम?"

"ही, काचेतली. हिच्या छातीला खाली घडीच नाही. जन्मात हिनं कधी वाकून केर काढलेला दिसत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या एका तरी बाईला हा ब्लाउज असा बसतो का?"

दुकानदार बिचारा म्हणाला, "मॅडम, पुतळे दिल्लीहून येतात."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. बाहेर पडल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी फार वेळा बघितलं नाही.

शिबिरांना सुरुवातीला कुणी यायचं नाही. निरोगी बाईनं उगाच कपडे का काढायचे? सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पडदे लावून बसायचो आणि बायका दारातून डोकावून जायच्या. मी संमतीचा कागद साध्या मराठीत वाचून दाखवायची: नाव बाहेर जाणार नाही, फोटो नाही, मधेच नको वाटलं तर उठून जायचं. तरी कुणी बसेना. शेवटी बाईंनी आपला जुना उपाय काढला. पडद्याआड आधी त्या स्वतः बसायच्या, मी त्यांचं माप घ्यायची आणि ज्यांना बघायचं त्या बायकांनी आत येऊन बघायचं. एवढी मोठी डॉक्टर उघडी बसलीय म्हटल्यावर बायकांची भीड चेपायची.

ही रीत त्या पश्चिम आफ्रिकेत शिकल्या होत्या. तिकडच्या एका बाजाराच्या गावात, मिशनच्या दवाखान्यात त्या काही वर्षं होत्या. तिथे त्यांनी हेच काम सुरू केलं, तेव्हा बाजारात कापड विकणारी एक दांडगी बाई म्हणाली, आधी तू दाखव, मग आम्ही दाखवू. बाईंनी दाखवलं. मग त्या बाईनं पुस्तकातला तक्ता मागितला, चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, ही कोण? हिला कुणी ओळखतं का? सगळ्या बाजारात हसू पिकलं. "मी पण हसले," बाई सांगायच्या, "आणि घरी जाऊन रडले." रडल्या का, ते मात्र तेव्हा सांगितलं नाही. पुढे तिथल्या शंभर जमातींच्या, शंभर बांध्यांच्या बायका त्यांच्यापुढे बसल्या. व्हर्निअर तळव्यांत गरम करायलाही तिथल्याच एका नर्सनं शिकवलं.

चाकणच्या बाजूला एका कारखान्यानं आम्हाला जेवणाच्या सुट्टीत प्रथमोपचाराची खोली दिली. गाड्यांच्या वायरी गुंफायच्या लाइनवर सगळ्या मुलीच. कुणी लातूरकडची, कुणी कोकणातली, कुणी तिथल्याच गावची. अर्ध्या तासात जेवण आणि माप दोन्ही उरकायचं, म्हणून एका हातात पोळीची गुंडाळी धरून त्या पडद्याआड यायच्या. जवळच्या गावांमध्ये मग आमचं नाव पडलं. आमची गाडी दिसली की ओट्यावरून हाळी यायची, "मापाच्या बाई आल्या गं!"

वहीत आकड्यांच्या शेवटी एक रकाना होता. त्याला मथळा नव्हता. त्यात माप देणारी जे सांगेल ते मी लिहायची. 'डोक्यावर गवताचा भारा वाहते.' 'चार मुलं अंगावर पाजली.' 'दिवसभर उजवा हात वर करून काम.' 'पोटावर झोपते.' हॉस्पिटलच्या समितीतले एक साहेब म्हणाले होते, की हा रकाना शास्त्रात बसत नाही, काढून टाका. बाईंनी पुढच्या वहीत तो दोन बोटं रुंद केला.

एकदा चाकणहून परत येताना तळवड्याच्या आधी गाड्या अडकल्या. कंटेनर आडवा झाला होता म्हणे. दुपारचं ऊन, ड्रायव्हर चहाला उतरला. त्या दिवशी एका मुलीनं माप देताना सहज विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरी कोण असतं?" आणि बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. गाडीत बराच वेळ त्या समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत होत्या. मग आपणहून म्हणाल्या, "मला एक ताई होती."

आई लवकर गेली, म्हणून या बारा वर्षांनी मोठ्या ताईनंच त्यांना वाढवलं. वेणीफणी केली, शाळेत सोडलं, डॉक्टर होईपर्यंत पाठीशी उभी राहिली. बाई परदेशात शिकून, प्लॅस्टिक सर्जन होऊन परत आल्या, त्याच वर्षी ताईला दोन्हीकडे कॅन्सर निघाला. दोन्ही स्तन काढावे लागले.

"ताईला काही नको होतं. ती म्हणत होती, जीव वाचला, पुरे झालं. मी मागे लागले. म्हटलं, तू मला इतकं दिलंस, हे मला करू दे. माझ्या सरांनी ऑपरेशन केलं, मी सोबत होते, मापं मी काढून दिली. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे. मिलिमीटर चुकला नव्हता. सगळ्यांनी शाबासकी दिली."

"मग?"

"वर्षभर ताई काही बोलली नाही. मी बघत होते, ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली होती. कुणाला जवळ घेतलं की मधे हात धरायची. एक दिवस मी फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, 'तू केलंस म्हणून मी वागवतेय गं. पण हे माझे नाहीत. कुणी दुसरीच बाई माझ्या अंगावर येऊन बसलीय असं वाटतं.'"

मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"आणि मला राग आला. कळतंय का तुला? मला राग आला. मी म्हटलं, तुला कृतज्ञता नाही. चार महिने मी तिच्याकडे गेले नाही. मग तिच्या मुलाचा फोन आला, की हाडांत पसरलंय. मी गेले तोवर तिला बोलता येत नव्हतं. तिला तसंच जाळलं. त्या परक्या बाईसकट."

पुढे वाहनं हलली. ड्रायव्हर धावत आला. बाई एवढंच म्हणाल्या, "त्यानंतर इथे राहवेना. आफ्रिकेत माणसं हवी होती, निघून गेले." त्या दिवसानंतर ताईचा विषय आमच्यात बरीच वर्षं निघाला नाही. पण "कुणाचं माप?" असं त्या कुणाला विचारायला लागल्या, की मला आता हसू येईनासं झालं.

मग तो सोमवार आला. रावेतची एक शिक्षिका माप द्यायला आली होती. बाईंची पद्धत अशी, की प्रत्येक अंतर दोनदा घ्यायचं. त्यांनी आकडा सांगितला, मी लिहिला. दुसऱ्यांदा सांगितला तो बराच वेगळा. तिसऱ्यांदा घेतला, तो आणखी वेगळा. कॅलिपरचं टोक हलत होतं. तसं ते अधूनमधून हलतं हे मला महिनाभर दिसत होतं, पण मी ते थकव्यावर ढकलत होते. बाईंनी कॅलिपर ठेवला, शिक्षिकेच्या ओंजळीत शेंगदाणे घातले, तिचे आभार मानले आणि ती गेल्यावर स्टुलावर बसल्या.

"सिस्टर, आजचं पान फाड."

आमच्या वह्यांमधलं एकही पान तोवर फाडलेलं नव्हतं. "काट मारते, मॅडम," मी म्हटलं.

"फाड. चुकीचं माप वहीत राहायला नको."

त्याच दुपारी त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहून दिलं, की आजपासून मी ऑपरेशन करणार नाही. तोवर त्यांच्या आजाराचं नावही कुणी घेतलेलं नव्हतं. तपासण्या नंतर झाल्या. कंपवात निघाला, तोही हळू चालणारा नव्हे. ज्या हातांनी केसाएवढ्या रक्तवाहिन्या सांधल्या, त्यांनी आता चहाचा कप धरवेना. मला वाटलं त्या खचतील. पण पत्र दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या वेळेवर आल्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात खुपसलेले, आणि म्हणाल्या, "तुझे हात दे. आता यांच्यावर काम चालवायचंय." त्यानंतर सगळी मापं मी घेतली. त्या शेजारी उभ्या राहून बघायच्या. मी कॅलिपर गरम करायला विसरले तर फक्त खाकरायच्या.

सुरेखा आली ती याच दिवसांत.

चाकणजवळच्या एका गावातली, चौतिशीची. घरची शेती थोडी उरलेली, ती स्वतः कंपनीत जायची, नवरा कंपनीची बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे तिचे दोन्ही स्तन काढले होते. सोबत सासू होती, नऊवारीतली, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. मला वाटलं सासूचा विरोध असणार. तसाच तिचा चेहरा होता.

बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुला हे का करून घ्यायचंय? नवऱ्यासाठी?"

"त्यांचं काही म्हणणं नाही," सुरेखा म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "आंघोळीला बसले ना मॅडम, की साबण लावताना हात सरळ खालीच जातो. कुठं थांबायचं तेच कळत नाही हाताला. तीन वर्षं झाली, अजून रोज चुकतो."

बाईंनी खिशातले हात बाहेर काढले. पेशंटसमोर त्या ते काढत नसत. हात थरथरत होते. त्या म्हणाल्या, "करू या."

मी सुरेखाच्या छातीची मापं घेतली, जेवढी घेता येण्यासारखी होती तेवढी. मग दोन दिवस बाईंनी आणि मी वह्या चाळल्या. तिच्या उंचीच्या, तिच्या खांद्यांच्या, दोन मुलांना पाजलेल्या, तसल्याच कष्टाच्या बायका वेचून काढल्या. सात सापडल्या. त्या सातजणींवरून एक माप तयार झालं. तिच्या पोटाची चरबी आणि कातडी घेऊन स्तन घडवायचे होते. ते नेमके कुठे बसवायचे, किती मोठे करायचे, हे या मापावर ठरणार होतं. तरी बाईंचं समाधान होईना. "या सातजणी आहेत," त्या म्हणत राहिल्या. "ही आठवी आहे. हिचं काय?" सुरेखाला बहीण नव्हती. लग्नातल्या ब्लाउजची चौकशी केली, तर तो कधीच कुणाला देऊन टाकलेला.

सुरेखा दुसऱ्यांदा आली तेव्हा बाई तिला हेच समजावून सांगत होत्या. कोपऱ्यात बसलेली सासू अचानक बोलली.

"मला ठावं हाय की."

आम्ही तिघीही वळलो.

"काय ठाऊक आहे, आजी?" बाईंनी विचारलं.

"हिची दोन्ही बाळंतपणं मी केली. हिला आई न्हाई. सव्वा महिना रोज अंग चोळून न्हाऊ घातलंय, दोन्ही डाव. शेकलंय. दूध साकळलं व्हतं तवा मीच उतरवलंय. माज्या हाताला ठावं हाय."

सुरेखानं मान फिरवली होती. बाई हळूच म्हणाल्या, "दाखवता का, आजी? ऑपरेशनच्या आधीचं, दूध आटल्यावरचं. दाखवता येईल?"

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली. डोळे मिटले. मग तिनं दोन्ही हात सुरेखाच्या सपाट छातीपासून थोडे दूर, हवेत धरले. खालून ओंजळ केल्यासारखे. थोडे खाली नेले, पुन्हा किंचित वर. सुरेखाच्या डाव्या बाजूचा हात उजवीकडच्यापेक्षा जरासा खाली थांबला.

"हितं," ती म्हणाली. "आन् ही डावी अशी."

"सिस्टर, घे," बाई म्हणाल्या.

मी कॅलिपर तळव्यांत धरला, मग लक्षात आलं की गरम करायची गरज नाही, हवेचं माप घ्यायचंय. तरी धरला. मग म्हातारीच्या हातांमधली रुंदी घेतली, सुरेखाच्या गळ्याच्या खळगीपासून त्या ओंजळीच्या तळापर्यंतचं अंतर घेतलं. दोनदा. म्हातारीचे हात दोन्ही वेळा तिथेच होते, जराही हलले नव्हते. सुरेखाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसायला हात उचलत नव्हती. उचलला असता तर माप हललं असतं.

वहीतल्या सातजणींचं माप आणि म्हातारीचं माप शेजारी शेजारी मांडलं. रुंदीत दोन मिलिमीटरचा फरक, तोही एका बाजूला. बाईंनी तो आकडा बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "आजींचं धरायचं."

ऑपरेशन त्या मुलीनं केलं, जिला बाईंनी कधीकाळी हॉस्पिटलला फेरी मारायला लावली होती. सकाळी सुरू झालं, संध्याकाळपर्यंत चाललं. बाई थिएटरात भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. एकदाही पुढे आल्या नाहीत, एकदाही सूचना केली नाही. खालच्या घडीची रेघ मारायची वेळ आली तेव्हा त्या मुलीनं वळून बघितलं. बाईंनी फक्त मान हलवली.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी मी आरसा घेऊन गेले होते. सुरेखानं आरसा घेतला नाही. म्हणाली, "आत्यांना बोलवा." सासू आली. तिनं बेसिनवर हात धुतले, पुसले आणि सुनेच्या अंगाला अलगद लावले.

"हां," म्हातारी म्हणाली.

एवढंच. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि आम्ही सगळ्या बाहेर गेलो तरी वळल्या नाहीत.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण माणसाचं आयुष्य आपल्या सोयीनं थांबत नाही. त्यानंतर सहा महिन्यांत बाईंनी नोकरी सोडली आणि रावेतच्या फ्लॅटमध्ये अडकून पडल्या. एक बाई दिवसरात्र सांभाळायला होती. मी रविवारी जायची. चालणं गेलं, मग बसणं गेलं, मग आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. मी वह्या घेऊन जायची आणि शेवटचा रकाना वाचून दाखवायची. 'आठ वर्षं ऊस तोडला.' 'लहानपणी भाजल्याचा डाग, त्याची लाज वाटते म्हणाली.' त्या डोळे मिटून ऐकायच्या. एखाद्या नोंदीवर ओठ हलायचे, म्हणजे ती बाई त्यांना आठवली.

एका रविवारी वाचता वाचता त्यांनी बोट उचललं. मी कान नेला.

"ताईचं नाही ना यात?"

"नाही, मॅडम."

पुन्हा ओठ हलले. "आधी घ्यायला हवं होतं. विचारायला हवं होतं तिला." आणि मग, माझ्या हाताला धरायचा प्रयत्न करत, "मी विचारलंच नाही गं."

सुरेखाचं नाव घ्यावं, वहीतल्या शेकडो बायकांची नावं घ्यावीत असं वाटलं, पण त्यातली एकही त्यांची ताई नव्हती. मी नुसता हात धरून बसले. त्यांच्या तळव्यांत माझा हात थरथरत राहिला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी छातीत कफ भरून बाई गेल्या. ताईचा मुलगा नाशिकहून आला. पन्नाशीचा गृहस्थ, मावशीशी फारसा संबंध राहिलेला नसावा, पण सगळं रीतसर करत होता. मी कारखान्यातल्या एका मुलीला आणि सुरेखाला फोन केला होता, बाकी कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निगडीच्या स्मशानभूमीत आम्ही पोचलो तेव्हा नात्यातले सात-आठ पुरुष, हॉस्पिटलचे काही डॉक्टर आणि ती सर्जन मुलगी, एवढेच होते.

मग बायका यायला लागल्या. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या गणवेशातच आलेल्या मुली, गळ्यात ओळखपत्रं तशीच. पिंपळे सौदागरच्या सोसायटीतल्या चारजणी. रावेतची शिक्षिका. गावाकडून एक टेम्पो भरून, डोक्यावरून पदर घेतलेल्या. आमच्याकडे बायका सहसा तिथवर येत नाहीत. या आल्या आणि दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, पुढे यायचं की नाही ते कळेना म्हणून.

ताईचा मुलगा गोंधळला. इतक्या बायका कोण, हे त्याला उमगेना. तो जवळ आला आणि सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या सुरेखाच्या सासूला त्यानं आदरानं विचारलं, "आजी, तुम्ही मंडळी कुणाकडच्या?"

म्हातारीनं मागे वळून सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"त्यांच्याकडच्या," ती म्हणाली.

मग बाजूला सरकून त्यानं पुरुषांना मागे व्हायला सांगितलं, आणि आम्ही सगळ्या पुढे गेलो.